मलेरियाचा पैसा पावसाच्या आधी लागतो

प्रश्न दोन भागांत आला आहे. अमेरिका आणि युरोपातल्या सरकारांनी हात आखडता घेतल्यावर मलेरियाविरुद्धच्या जगभरातल्या कामाचं काय होणार, हा पहिला भाग. दुसरा जरा चिडून विचारलेला: आपल्याच गडचिरोलीत अजून हिवतापाने माणसं दगावतात, मग भारत सरकारने जिनिव्हाच्या निधीत, म्हणजे ग्लोबल फंडात, पैसे कशाला घालायचे?

माझी नोकरीची सुरुवातीची वर्षं हिवताप विभागात गेली आणि पुढची बरीचशी पूर्व आफ्रिकेत, परदेशी सरकारांच्या पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमांत. त्या अनुभवावरून माझं मत असं, की मलेरियाच्या बाबतीत पैसा किती आला यापेक्षा तो कधी आला आणि मध्ये खंड पडला का, याला जास्त महत्त्व आहे. बेताच्या पैशात वर्षानुवर्षं नेटाने चाललेला कार्यक्रम मलेरिया आटोक्यात ठेवतो. भरपूर पैसा ओतून मग एकाएकी बंद केलेला कार्यक्रम लोकांना कधीकधी पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत सोडून जातो.

आधी पैसा येतो कुठून ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात मलेरियाचे सुमारे २८ कोटी २० लाख रुग्ण झाले आणि ६ लाख १० हजार माणसं मेली. त्यातले ९५ टक्क्यांच्या आसपास मृत्यू आफ्रिकेतले, आणि तेही मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांचे. त्या वर्षी सगळीकडून मिळून मलेरियावर ३.९ अब्ज डॉलर खर्च झाले. ठरलेली उद्दिष्टं गाठायला वर्षाला नऊ अब्जांहून जास्त लागतात. म्हणजे मोठी कपात सुरू होण्याआधीच आपण निम्म्याहून कमी पैशात भागवत होतो. यात मलेरियाग्रस्त देशांच्या स्वतःच्या सरकारांचा वाटा साधारण एक तृतीयांश. बाकीचा बाहेरून येतो, मुख्यतः दोन वाटांनी: एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी २००२ मध्ये स्थापन झालेला ग्लोबल फंड, आणि २००५ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जाहीर केलेला अमेरिकेचा स्वतंत्र मलेरिया कार्यक्रम, ज्याला क्षेत्रात सगळे 'पीएमआय' म्हणतात. फंडातही सर्वांत मोठा देणगीदार अमेरिकाच.

अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यात एक अट आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. फंडात जमणाऱ्या एकूण पैशात अमेरिकेचा वाटा ३३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. बाकीच्यांनी मिळून दोन डॉलर टाकले तर अमेरिका एक टाकणार. इतर श्रीमंत सरकारांना खिशात हात घालायला लावण्यासाठी ही अट घातली होती आणि बरीच वर्षं ती कामाला आली. पण तीच उलटी पण फिरते. जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन यांनी आपले आकडे खाली आणले, की अमेरिकेला देता येणारी कमाल रक्कमही खाली येते. २०२२ मध्ये न्यूयॉर्कला देणगीदारांच्या परिषदेत फंडाला तीन वर्षांसाठी सुमारे १५.७ अब्ज डॉलरची आश्वासनं मिळाली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गला ती ११.३४ अब्जांवर थांबली. अमेरिका ६ अब्जांवरून ४.६ अब्जांवर आली, ब्रिटन १ अब्ज पौंडांवरून ८५ कोटींवर.

आश्वासन म्हणजे रोकड नव्हे, हेही लक्षात ठेवा. घोषणा एका दिवसात होते, पैसे तीन-चार वर्षांत हप्त्याहप्त्याने येतात, आणि काही वेळा येतच नाहीत. २०२५ च्या मध्याला फंडाने चालू असलेल्याच अनुदानांना १.४३ अब्ज डॉलरची कात्री लावली, कारण कबूल केलेला पैसा वेळेत येईल याची खात्री उरली नव्हती. कर्मचाऱ्यांचे करार झालेले, मालाच्या ऑर्डरी गेलेल्या, आणि वरून पत्र येतं की ११ टक्के कमी करा. जिल्ह्याच्या पातळीवर याचा अर्थ असा, की ज्या कामाचं बिल अजून निघालेलं नाही ते काम रद्द. अशा वेळी सहसा प्रशिक्षण, देखरेख आणि सर्वेक्षण यांचा बळी जातो. गोळ्या आणि मच्छरदाण्या वाचवल्या जातात, कारण त्यांचे फोटो निघतात.

मच्छरदाणीचंच उदाहरण घेऊ. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी दोन-तीन डॉलरला पडते आणि साधारण तीन वर्षं कामाची राहते असं धरतात. म्हणून दर तीन वर्षांनी देशभर वाटपाची मोहीम. मोहिमेत दोन माणसांमागे एक मच्छरदाणी द्यायची असते, पण खरेदीचा हिशेब करताना लोकसंख्येला दोनाने भागत नाहीत, १.८ ने भागतात. घरात पाच माणसं असली तर अडीच मच्छरदाण्या देता येत नाहीत, तीनच द्याव्या लागतात. विषम संख्येच्या घरांसाठी तो जादा माल. हा एवढासा आकडा चुकवून दोनाने भागलं की वाटपाच्या शेवटच्या दिवशी रांगेत बायका उभ्या आणि गठ्ठे संपलेले, असं दृश्य हमखास दिसतं.

ऑर्डर गेल्यापासून माल बंदरात उतरेपर्यंत आठ-दहा महिने सहज जातात. मग सीमाशुल्काची माफी, राजधानीतलं गोदाम, जिल्ह्याचं गोदाम, शेवटच्या टप्प्याला ट्रॅक्टर, होडी किंवा डोकं. त्याआधी घरोघरी नोंदणी करून कुपनं वाटलेली असावी लागतात. नवी मच्छरदाणी वापरण्याआधी एक दिवस सावलीत टांगून ठेवायची, नाहीतर चेहऱ्याला चुरचुरतं आणि बाई ती गुंडाळून ठेवते, हेही कुणीतरी घरी जाऊन सांगावं लागतं. ही सगळी साखळी पाऊस सुरू होण्याआधी संपली पाहिजे. पाऊस पडला, पाणी साचलं, डास झाले आणि मग मच्छरदाण्या आल्या, तर ते वरातीमागून घोडं. हिशेबाच्या वहीत मात्र दोन्ही वाटपं सारखीच दिसतात: इतक्या लाख मच्छरदाण्या वाटल्या, उद्दिष्ट पूर्ण.

साहेल पट्ट्यात, म्हणजे सहाराच्या दक्षिणेला सेनेगलपासून चाडपर्यंत, याहून नाजूक वेळापत्रक आहे. तिथे वर्षभरातला बहुतेक मलेरिया पावसाच्या तीन-चार महिन्यांत होतो. म्हणून तीन महिने ते पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला त्या काळात महिन्यातून एकदा तीन दिवसांचं प्रतिबंधक औषध देतात. पहिल्या दिवशी कार्यकर्ती स्वतः गोळ्या चमच्यात विरघळवून पाजते आणि अर्धा तास थांबते. मूल त्या आत ओकलं तर पुन्हा पाजायचं. उरलेले दोन दिवस आई पाजते. गोळी कडू असते, त्यामुळे ओकण्याचं प्रमाण कमी नसतं. हे चार-पाच महिने ओळीने करायचं. यातला पहिला महिना पैशाअभावी हुकला तर तो नंतर भरून काढता येत नाही. त्या मुलांचा ताप तोवर येऊन गेलेला असतो.

आता २० जानेवारी २०२५ ची तारीख या वेळापत्रकावर ठेवून बघा. अमेरिकेने त्या दिवशी सगळ्या परदेशी मदतीला ९० दिवसांची स्थगिती दिली. साहेलच्या हंगामाचा माल हलवायचे, कार्यकर्त्या नेमायचे, याद्या करायचे ते महिने. काही आठवड्यांनी जीवरक्षक कामांना सवलत मिळाली, पण कागदावर. सवलत वापरणारी माणसं तोवर घरी गेली होती आणि कंत्राटदारांची बिलं अडकली होती. माल गोदामात आहे, पण ट्रकचं भाडं कोण देणार, असा प्रकार. १ जुलैला तर अमेरिकेची परदेशी मदत हाताळणारी यूएसएड ही संस्थाच बंद झाली. त्या एप्रिलमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मलेरिया असलेल्या देशांतल्या आपल्या कार्यालयांकडे चौकशी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी मलेरिया सेवा मध्यम किंवा गंभीररीत्या विस्कळीत झाल्याचं कळलं.

अमेरिकेच्याच पैशावर अनेक देशांत दर काही वर्षांनी घरोघरचं आरोग्य सर्वेक्षण व्हायचं. तेही २०२५ च्या सुरुवातीला थांबलं. माझ्या मते हे नुकसान मच्छरदाण्यांच्या तुटवड्याहून मोठं ठरू शकतं. मोजणीच झाली नाही तर किती मुलं आजारी पडली हे कळणार नाही, आणि मग 'काही विशेष वाढ दिसत नाही' असं म्हणायला सगळे मोकळे.

हे सगळं पहिल्यांदा घडत नाहीये. १९५५ मध्ये मेक्सिको सिटीच्या जागतिक आरोग्य सभेत मलेरियाच्या संपूर्ण उच्चाटनाचा ठराव झाला. १९५८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्यासाठी पाच वर्षांच्या निधीला मान्यता दिली. पाच वर्षांत काम फत्ते होईल असा विश्वास डीडीटी या कीटकनाशकाने दिला होता. १९६३ मध्ये मुदत संपली आणि अमेरिकेचा ओघ आटला. त्याच वर्षी श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, देशभरात मलेरियाचे फक्त १७ रुग्ण सापडले. जिंकलोच आता, असं समजून फवारणी थांबवली गेली. १९६८-६९ मध्ये तिथे पाच लाखांहून जास्त रुग्णांची साथ आली.

आपल्याकडेही तेच झालं. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत असावेत असा अंदाज होता. १९५३ मध्ये नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचं नाव बदलून उच्चाटन झालं, आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखभरावर आले. मग युद्धं, कीटकनाशकांचा तुटवडा, डीडीटीला न जुमानणारे डास, आणि 'आता उरलाच किती' ही वृत्ती. १९७६ मध्ये रुग्णांचा आकडा ६४ लाखांच्या पुढे गेला. त्या पिढीतल्या फवारणी कामगारांकडून मी ऐकलंय, की पंप गोदामात गंजत पडले होते आणि ते पुन्हा चालवायला शिकवणारा माणूस शोधावा लागला.

जगभरातल्या अशा पुनरागमनांचा एक आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३० च्या दशकापासून ६१ देशांत मलेरिया उलटून आल्याचे ७५ प्रसंग त्यात मोजले होते; त्यातल्या ६८ प्रसंगांत कार्यक्रम ढिला पडणं हे एक कारण होतंच, आणि ढिला पडण्यामागे बहुतेकदा पैशाची टंचाई. डासांनी किंवा औषधांनी दगा दिल्याची उदाहरणं आहेत, पण सरकारांनी दगा दिल्याची जास्त आहेत.

उलटून आलेला मलेरिया अधिक मारक का असतो, हे समजून घेण्यासारखं आहे. जिथे मलेरिया कायम असतो तिथली मोठी माणसं लहानपणापासून पुन्हा पुन्हा चावे खाऊन थोडीफार प्रतिकारशक्ती कमावतात. ती पूर्ण नसते, पण ताप मेंदूपर्यंत जाऊ देत नाही. दहा-पंधरा वर्षं डास आवरले, की त्या काळात वाढलेल्या मुलांकडे ही शिदोरी नसते, आणि मोठ्यांचीही विरत जाते. मग फवारणी थांबली की साथ लहानांपुरती राहत नाही, कमावत्या माणसांनाही धरते. मादागास्करच्या डोंगराळ मध्यभागात १९८० च्या दशकात हेच घडलं. लोकांची संरक्षणाची जुनी व्यवस्था काढून घेऊन नवी अर्धवट टाकणं हा मला तरी मदतीचा सर्वांत निष्ठुर प्रकार वाटतो.

श्रीलंकेची पुढची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि सरकारी पाठबळाबद्दल तिच्यातून जास्त शिकता येतं. १९९९ मध्येही तिथे अडीच लाखांवर रुग्ण होते, उत्तरेत युद्ध पेटलेलं. तरीही ऑक्टोबर २०१२ मध्ये शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये देश मलेरियामुक्त म्हणून प्रमाणित झाला. ग्लोबल फंडाचा पैसा त्यात होता, चांगला मोठा होता. पण तो पडला एका जुन्या सरकारी यंत्रणेत, १९११ पासून चालत आलेल्या मलेरियाविरोधी मोहिमेत. तिचे स्वतःचे कीटकशास्त्रज्ञ, स्वतःचे प्रादेशिक अधिकारी, पगार सरकारी तिजोरीतून. बाहेरचा पैसा आला तेव्हा वेग वाढला. तो आटला तेव्हा माणसं जागेवर राहिली. मलेरियामुक्त झाल्यावरही बाहेरून परतणाऱ्या प्रवाशांची, सैनिकांची तपासणी त्यांनी सोडली नाही.

आफ्रिकेत मी याच्या नेमकं उलटही पाहिलं. मंत्रालयात मलेरिया विभागाला दोन खोल्या, आणि शहराच्या चांगल्या भागात देणगीदारांच्या कंत्राटदाराची चार मजली कचेरी. साठ्याची माहिती कंत्राटदाराच्या संगणकात, गाड्या कंत्राटदाराच्या, चांगले तंत्रज्ञही त्याच्याच पगारावर, कारण तो सरकारच्या तिप्पट देतो. कार्यशाळांचे भत्ते घेण्यात जिल्ह्याचा अधिकारी महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. कंत्राट संपलं की गोळ्या किती उरल्यात हे सांगणारं कुणीच नाही. म्हणून 'परदेशी मदत वाईट, बंद झाली ते बरंच झालं' म्हणणाऱ्यांच्या रागात मला तथ्य दिसतं. त्यांचा उपाय मात्र मला मान्य नाही. सवय सोडवायची तर तारीख आधी सांगून, दरवर्षी थोडा भार यजमान सरकारवर टाकत सोडवतात.

ग्लोबल फंडाने त्यासाठी एक पद्धत बसवली आहे. देशाला मिळणाऱ्या रकमेतला काही हिस्सा, सहसा १५ ते २० टक्के, सरकार स्वतःचा खर्च वाढवल्याचं दाखवेपर्यंत राखून ठेवतात. कागदावर ठीक, प्रत्यक्षात काही अर्थमंत्रालयं जुनाच पगारखर्च नव्या नावाने दाखवतात. आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी २००१ मध्ये नायजेरियातल्या अबुजाला आरोग्यावर अर्थसंकल्पाच्या १५ टक्के खर्च करू असं वचन दिलं होतं; फार थोडे देश तिथवर कधी पोचले. २०२५ च्या धक्क्यानंतर मात्र काही हालचाल दिसते. नायजेरियाच्या संसदेने त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात आरोग्यासाठी सुमारे २० कोटी डॉलर वाढवले. अमेरिकाही आता एकेका देशाशी वेगळा करार करते, ज्यात त्या सरकारने आपला वाटा किती वाढवायचा ते लिहिलेलं असतं. डिसेंबर २०२५ मध्ये केनियाने असा पहिला करार केला. सरकारला जबाबदार धरणारी ही पद्धत मला तत्त्वतः पटते. एका निवडणुकीनंतर ती टिकेल का, हा प्रश्न दोन्ही बाजूंना विचारावा लागेल.

आता चिडून विचारलेला दुसरा भाग. भारताने २०२२ मध्ये ग्लोबल फंडाला तीन वर्षांसाठी अडीच कोटी डॉलर कबूल केले, म्हणजे सुमारे २०० कोटी रुपये. त्याआधी आपण अनेक वर्षं घेणारेही होतो. १९९७ मध्ये सुरू झालेल्या जागतिक बँकेच्या मलेरिया प्रकल्पात महाराष्ट्र होता. ईशान्येकडच्या राज्यांना फंडाच्या पैशातून मच्छरदाण्या मिळाल्या. शिवाय आपण विकणारेही आहोत. आफ्रिकेतल्या आरोग्य केंद्रात मलेरियाच्या गोळ्यांचं पाकीट उलटून पाहिलं तर सिप्ला, इप्का, अजंता, मॅक्लिऑड्स यांपैकी एखादं मुंबईकर नाव हटकून दिसतं. ऑक्सफर्डची आर-२१ ही मलेरियाची लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टने ती सर्वप्रथम नियमित लसीकरणात आणली. मच्छरदाण्या तमिळनाडूतल्या करूरहून जातात. एड्सची औषधं धरली तर भारत फंडात टाकतो त्याच्या कितीतरी पट रक्कम खरेदीतून इथे येते. हा युक्तिवाद मला फारसा आवडत नाही, पण अर्थखात्यात तोच चालतो.

मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. मुंबईत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनाफिलिस स्टीफेन्सी हा डास मूळचा आशियातला. गच्चीवरच्या टाक्या आणि विहिरी हे त्याचं घर. २०१२ मध्ये तो आफ्रिकेच्या शिंगावर, जिबुती या छोट्या देशात सापडला. त्या वर्षी जिबुतीत मलेरियाचे २७ रुग्ण होते, २०२० मध्ये ७३ हजारांच्या वर गेले. आफ्रिकेतला कार्यक्रम खेड्यातल्या, रात्री घरात चावणाऱ्या डासासाठी आखलेला. शहरातल्या टाकीत वाढणाऱ्या डासाचं काय करायचं हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. मुंबईला ते १९११ पासून माहीत आहे, मलेरियाचे अभ्यासक बेंटले यांनी शहरातल्या विहिरींवर अहवाल दिला तेव्हापासून. टाकीला घट्ट झाकण, शिडी लावून वर चढणारा महापालिकेचा कामगार, झाकण उघडं सापडलं की सोसायटीला नोटीस. ही माणसं चार महिने जिबुती किंवा इथिओपियाच्या दिरे दवा शहरात पाठवणं हे २०० कोटींच्या धनादेशाइतकंच मोलाचं ठरेल, असं मी वरिष्ठांना अनेकदा लिहिलं आहे.

गडचिरोलीचा प्रश्न खरा आहे, पण तिथला पैसा जिनिव्हाने पळवलेला नाही. भारतात २०२३ मध्ये सरकारी नोंदीनुसार २ लाख २७ हजार रुग्ण आणि ८३ मृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेचा रुग्णांचा अंदाज २० लाखांच्या आसपास. हा फरक मुख्यतः अशाच भागांत दडलेला आहे, जिथे रुग्ण आधी पुजाऱ्याकडे जातो, मग खासगी डॉक्टरकडे, आणि नोंद कुठेच होत नाही. पावसात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. त्या दिवसांत आशाताईच्या पिशवीत आरडीटी, म्हणजे जागच्या जागी मलेरिया तपासणारं किट आणि तीन दिवसांच्या गोळ्या असल्या तर फाल्सिपेरम या घातक मलेरियाचं पोर वाचतं; नसल्या तर खाटेवरून नदीपर्यंत आणण्यात दिवस जातो. किट चालण्यासाठी बोटातून रक्ताचा एक थेंब आणि वीसेक मिनिटं पुरतात. पण ते किट, गोळ्या, फवारणीचा पहिला हात आणि भरलेलं आरोग्य सेवकाचं पद, हे सगळं मे महिन्याच्या अखेरीस जागेवर हवं.

केंद्राने २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणायचं ठरवलं आहे. आकडे खाली आले की पहिली कुऱ्हाड क्षेत्र कर्मचाऱ्यांच्या पदांवर पडते. तेव्हा प्रश्नकर्त्यांना माझी सूचना आहे: तुमच्या तालुक्यात आरोग्य सेवकांची आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञांची किती पदं रिकामी आहेत, आणि मेअखेर उपकेंद्रनिहाय किट व गोळ्यांचा साठा किती होता, एवढंच विचारा. त्यासाठी जिनिव्हाला जावं लागत नाही. जिल्हा हिवताप अधिकाऱ्याच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरतो.